वाचून सही

घाटकोपर पश्चिमेला असल्फ्याच्या डोंगरउतारावर आमची वस्ती आहे. इथली बरीचशी मुलं खाली महापालिकेच्या शाळेत जातात. गणवेश, बूट, दप्तर, वह्या अशा २७ वस्तू पालिका मुलांना फुकट देते, हे इथल्या प्रत्येक आईला पाठ आहे. दुपारी खिचडी मिळते, हेही माहीत आहे. पण त्या शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवायचा, तिथल्या खर्चाचा हिशोब मागायचा आणि पुढच्या वर्षी शाळेला काय लागणार ते ठरवायचा हक्क कायद्याने आपल्याला दिलेला आहे, हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. मी अशा एका शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आधी पालक सदस्य आणि पुढे अध्यक्ष म्हणून काम केलं. त्या कामाबद्दल लिहावंसं वाटलं, कारण समितीवर नाव असलेल्या कितीतरी आयाबापांनाही आपण तिथे नेमकं कशासाठी आहोत ते कुणी सांगितलेलं नसतं.

आधी कायदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याचं २१वं कलम या समितीचं आहे. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांना समिती नेमावीच लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या जागांवर बायका असल्या पाहिजेत आणि दुर्बल व वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. (अल्पसंख्याक संस्थांच्या अनुदानित शाळांत मात्र समितीचं काम सल्ला देण्यापुरतंच आहे.) महाराष्ट्र सरकारने १७ जून २०१०च्या निर्णयाने तपशील ठरवून दिला. सदस्य १२ ते १६, ते निवडायचे पालकसभेत. अध्यक्ष पालकांमधलाच. मुख्याध्यापक हे सचिव. एक शिक्षक, एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकासाचा जाणकार, एक लोकप्रतिनिधी आणि दोन विद्यार्थी. बैठक महिन्यातून एकदा, आणि दर दोन वर्षांनी नवी समिती.

एवढं वाचलं की वाटतं, चांगलंच आहे की! पण प्रत्यक्षात जूनमधल्या पालकसभेला पालक येतात कमी. रोजंदारी बुडवून यायचं, तर त्या दिवशीचं घर चालायचं कसं? मग ज्या आया मुलांना सोडायला-न्यायला रोज फाटकाशी येतात, त्यांचीच नावं बाई लिहून घेतात. "ताई, फक्त नाव घालते, काम काही नाही," असं सांगून. माझंही नाव असंच लागलं. बाईंना वाईट म्हणण्यात अर्थ नाही. यादी वेळेत वर पाठवायची असते आणि पुढे येणारं कुणी नसतं. पण 'काम काही नाही' हे मात्र खरं नव्हतं.

मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्स बघते. असल्फ्याला मेट्रो धरली की थोड्या वेळात तिकडे. दिवसभर माझ्या हातात व्हाउचर, बिलं, सह्या. तारीख नाही, रक्कम अक्षरात नाही, खाली कुणाची सही नाही, असा कागद आमच्याकडे पुढे सरकत नाही. या सवयीमुळे समितीच्या बैठकीत माझं पहिलं लक्ष रजिस्टरकडे गेलं. बैठक संपली, चहा आला आणि रजिस्टर फिरू लागलं. पानावर खाली सदस्यांची नावं ओळीने लिहिलेली, पुढे सहीला जागा. वरचं पान कोरं. इतिवृत्त नंतर लिहायचं, सह्या आत्ता घ्यायच्या. माझ्याआधी चार-पाच जणींच्या सह्या झाल्याही होत्या, एकीचा अंगठा होता.

मी म्हटलं, "बाई, आज काय ठरलं ते आधी लिहू या, मग सही करते." मोठ्या बाई जरा नाराज झाल्या. त्यांच्यामागे दोन वर्ग, ऑनलाइन भरायची माहिती आणि संध्याकाळी वॉर्ड ऑफिसला जायची घाई. तरी बसल्या. आधीच्या महिन्यांची पानं मी चाळली. प्रत्येक पानावर जवळजवळ तीच वाक्यं: स्वच्छतेबाबत चर्चा झाली, उपस्थितीबाबत चर्चा झाली, पोषण आहाराबाबत समाधान व्यक्त करण्यात आलं. आणि त्या दिवशी बैठकीत प्रत्यक्षात काय झालं होतं? एक आई म्हणाली होती की मुलींच्या संडासाच्या दोन दारांना आतून कडी नाही. तिची सहावीतली मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, म्हणजे जायलाच नको. हे कोऱ्या पानावर कधीच आलं नसतं. 'स्वच्छतेबाबत चर्चा झाली' या ओळीत ती मुलगी हरवली असती.

आम्ही लिहिलं: मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दोन दारांना आतून कडी नाही, ती आठ दिवसांत बसवावी, जबाबदारी अमुक यांची. लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचलं, कारण आमच्यातल्या तिघींना वाचता येत नव्हतं. वाचून दाखवल्यावर जी आई सहसा बोलत नसे, ती म्हणाली, "दिवा पण लिहा, संध्याकाळच्या पाळीला अंधार असतो." तेही लिहिलं. मग सह्या झाल्या. तेव्हापासून आमच्या बैठकीत इतिवृत्त मोठ्याने वाचून मगच सही, हा रिवाज पडला. कायद्याने आईला समितीत बसवलं, पण ती निरक्षर असेल तर तिच्यापर्यंत कागद पोचवायचा कसा, हे कायद्यात नाही. ते आपणच करायचं असतं, आणि मला तरी त्याहून महत्त्वाचं काम दुसरं वाटत नाही. जिला वाचता येत नाही तिलाही आपण कशावर अंगठा देतो आहोत हे कळलं, की ती पुढच्या महिन्यात विचारते, "ती कडी लागली का?"

समितीची कामं कायद्यात अगदी थोडक्यात दिली आहेत: शाळेचं काम नीट चाललंय का ते पाहणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि सरकारकडून, पालिकेकडून किंवा इतर कुठूनही आलेला पैसा कसा खर्च झाला ते पाहणं. यातला आराखडा सगळ्यात दुर्लक्षित. तो तीन वर्षांचा असतो, प्रत्येक वर्षाचा वेगळा भाग असतो आणि आर्थिक वर्ष संपायच्या निदान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार व्हायला हवा. पुढच्या वर्षी कुठल्या इयत्तेत किती मुलं येतील, शिक्षक किती कमी पडतील, खोल्या, पाणी, वाचनालय यांत काय लागेल आणि त्याला किती पैसे, हे त्यात लिहायचं. शिक्षकांचा हिशोब कायद्याच्या परिशिष्टात आहे: पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक, सहावी ते आठवीला ३५मागे एक. वर्ग वर्षभर शिक्षकाविना राहिला असं आपण नंतर ओरडतो, तेव्हा विचारायचा प्रश्न असा की डिसेंबरच्या आराखड्यात ती जागा मागितली होती का? बहुतेक ठिकाणी आराखडा गेल्या वर्षीचा उतरवून काढलेला असतो.

पैशाबद्दल लोकांचा गैरसमज मोठा आहे. समितीच्या हातात लाखो रुपये येतात असं नाही. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला जे एकत्रित अनुदान ठरलेलं आहे, ते मुलांच्या संख्येवर: ३१ ते १०० मुलांना २५ हजार, २५०पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्याच्या वर एक लाख. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. रक्कम लहान आहे, म्हणूनच ती नीट खर्च व्हायला हवी. मी नव्या सदस्यांना सांगायची, बिलाची फाइल मागा, भिऊ नका. तीन गोष्टी बघा. बिलावर तारीख आहे का, माल किती आला ते लिहिलंय का, आणि तो माल शाळेत दिसतोय का. फिनेलचं बिल असेल तर फिनेलचे डबे कपाटात बघायचे. पंखा दुरुस्तीचं असेल तर तो पंखा लावून बघायचा. यात कुणावर संशय घेणं नाही. चोख मुख्याध्यापकाला तर उलट बरं वाटतं, कारण उद्या ऑडिटला प्रश्न आला तर समितीने पाहिलं होतं असं त्यांना सांगता येतं.

खिचडीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. २०२१पासून या योजनेचं नाव पीएम पोषण झालं आहे. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, वरच्या इयत्तांना १५०. जेवणातून लहान्याला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्याला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. आमच्या शाळेत अन्न बाहेरच्या स्वयंपाकघरातून मोठ्या डब्यांतून यायचं. मुलांना वाढायच्या आधी मोठ्या माणसांनी ते चाखून नोंद करायची, असा नियम आहे, आणि समितीचे सदस्य पाळीपाळीने हे करू शकतात. आमच्याकडे एक आजी होत्या, नातवाच्या पालक म्हणून समितीवर. झाकण उघडलं की त्या आधी वास घ्यायच्या, मग डबा तळापासून ढवळायला लावायच्या, कारण डाळ तळाशी बसते आणि वरून वाढलं तर पहिल्या रांगेतल्या मुलांच्या ताटात नुसता भात पडतो. मग एक घास बोटांत चुरायच्या. आत पांढरा कण राहिला म्हणजे तांदूळ कच्चा. चव नोंदवहीत पूर्वी रोज 'चव चांगली' असायचं. आजी सांगायच्या आणि आम्ही लिहायचो: डाळ कमी, तांदूळ अर्धा कच्चा, डबा उशिरा आला. अशा नोंदी सलग झाल्या, त्यांच्या प्रती वर पाठवल्या, तेव्हा डाळ वाढली. १२ ग्रॅम प्रथिनं म्हणजे काय हे आजींना कुणी शिकवलं नव्हतं, पण डाळ कुठे जाते ते त्यांना बरोबर माहीत होतं.

मुंबईच्या उपनगरांतली एक अडचण बाहेरच्यांना चटकन समजत नाही. पालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांतून शाळा चालवते. एकाच इमारतीत दोन, तीन, चार माध्यमांच्या शाळा असतात, त्याही सकाळ-दुपारच्या पाळीत. प्रत्येक शाळेचे मुख्याध्यापक वेगळे, समिती वेगळी. पण पाण्याची टाकी एक, जिना एक, मैदान एक. टाकी कुणी धुवायची? मैदानात रात्री लावलेल्या गाड्या सकाळी कुणी हलवायला सांगायच्या? प्रत्येक समिती आपापल्या रजिस्टरात लिहिते आणि काम कुणाचंच होत नाही. आम्ही शेवटी वरच्या मजल्यावरच्या हिंदी शाळेच्या आणि तळमजल्यावरच्या उर्दू शाळेच्या अध्यक्षांना बोलावलं. टाकीबद्दल तिन्ही समित्यांनी एकाच मजकुराचा ठराव केला आणि तो एकत्र वॉर्डातल्या प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे दिला. टाकी धुतली गेली. त्याहून मोठी गोष्ट ही झाली की तिन्ही भाषांच्या आया एकमेकींना नावाने ओळखू लागल्या.

शिक्षकांच्या बाबतीत समितीने मर्यादा ओळखायला हवी. शिक्षकाची बदली करणं, त्याला कामावरून काढणं, कसं शिकवायचं ते सांगणं, हे आपलं काम नाही. शिक्षक वेळेवर येतात का, मुलांना मारत नाहीत ना, पालकांना मुलाची प्रगती सांगतात का, हे विचारणं आपलं आहे. मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं कायद्याच्या १७व्या कलमाने बंद आहे. पण जितक्या हक्काने आपण शिक्षकाला विचारतो, तितक्याच हक्काने शिक्षकाच्या बाजूने उभं राहणंही आपलंच आहे. २७वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत. निवडणुकीचं काम नियमात बसतं हे खरं, पण मतदार याद्यांच्या कामाला बाई महिनोन्महिने दुपारी बाहेर असतील, तर त्यांच्या वर्गावर कोण, हे समितीने लेखी विचारलंच पाहिजे. बाई हे स्वतः विचारू शकत नाहीत. आपण विचारू शकतो. बाईंशी भांडण काढण्यापेक्षा हे पत्र लिहिलेलं बरं.

ज्यांची मुलं खासगी शाळांत आहेत ते बोरिवलीचे, मुलुंडचे वाचक म्हणतील, आमचं काय? विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते. तिथे महाराष्ट्राचा २०११चा शुल्क नियमन कायदा आहे, २०१४पासून अमलात आलेला. त्याप्रमाणे शाळेला पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. शाळेला फी वाढवायची असेल तर तो प्रस्ताव निदान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवावा लागतो आणि मंजूर झालेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. चिठ्ठीत नाव निघालेला पालक प्रस्तावाबरोबरचे हिशोब न मागता सही करून मोकळा झाला, तर नंतर फाटकाबाहेर घोषणा देऊन फारसं काही हाती लागत नाही.

अनुदानित मराठी शाळांची गोष्ट निराळी, कारण त्यांतल्या कितीतरी लोकांनीच उभ्या केल्या. अंधेरीच्या शेजारी पार्ल्यात लोकमान्यांच्या निधनानंतर १९२१ साली गावकऱ्यांनी पार्ले टिळक विद्यालय काढलं. तेव्हा पार्लं मुंबई पालिकेच्या हद्दीतही नव्हतं. अंधेरी, घाटकोपर १९५०मध्ये आणि बोरिवली, मुलुंड १९५७मध्ये हद्दीत आली. वर कुणी नव्हतं, म्हणून लोकांनी वर्गण्या काढल्या, जागा मिळवल्या, हिशोब ठेवले. शाळा आपली आहे ही जाणीव त्या पिढीला कायद्याने दिली नव्हती. आज अशा शाळांत विश्वस्त संस्था आहे आणि समितीही आहे. दोघांची ताणाताण होते, पण मराठी वर्गांची पटसंख्या घसरत असताना दोघांनी एका टेबलावर बसणं भाग आहे.

इंग्लंडमध्ये हे काम करणाऱ्यांना गव्हर्नर म्हणतात. तेही बिनपगारी. शाळेची दिशा ठरवणं, मुख्याध्यापकांना जाब विचारणं आणि पैशावर नजर ठेवणं ही त्यांची मुख्य तीन कामं. पालकांना तिथे हिस्सा मिळावा, असं १९७७च्या टेलर समितीने सुचवलं आणि १९८६च्या कायद्याने तो पक्का झाला. तिथे मुख्याध्यापक नेमण्याचा अधिकारही गव्हर्नरांना असतो. आपल्याकडे नाही, आणि आजच्या घडीला तो नसावा असंच मला वाटतं. आधी असलेले अधिकार वापरायला शिकू या. पण तिथे नव्या गव्हर्नरला प्रशिक्षण मिळतं, ते मात्र इथे हवंच. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे एका सभागृहात दोन तासांची भाषणं आणि बिस्किटं. त्याऐवजी एक जुनी बिलाची फाइल, एक आराखडा आणि एक रजिस्टर टेबलावर ठेवून आयांना हाताळायला द्या. एका दुपारीत शिकतील.

एका जागेबद्दल लिहायचं राहिलं. समितीत पालिकेचा निवडून आलेला प्रतिनिधी असतो. मुंबईत ७ मार्च २०२२ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं पालिकेवर प्रशासक होता. या काळात ती खुर्ची रिकामी राहिली. टाकी, जिना, मैदानातल्या गाड्या, हे सगळं पूर्वी नगरसेवकाच्या एका फोनवर हलायचं, ते आम्ही पत्रं पाठवून हलवलं. २०२५मध्ये सरकारने शाळेतल्या अनेक समित्या एकमेकींत विलीन केल्या, त्यातही शाळा व्यवस्थापन समिती टिकली आणि तिच्यावरचा भार वाढला. जानेवारी २०२६च्या निवडणुकीनंतर नगरसेवक पुन्हा आले आहेत. तेव्हा तुमच्या शाळेच्या समितीत त्या जागेवर कुणाचं नाव आहे ते विचारा. नसेल तर पुढच्या बैठकीत ठराव घ्या, प्रत वॉर्डाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. नगरसेवक बैठकीला आले की आधी त्यांना मागच्या तीन महिन्यांचं इतिवृत्त वाचून दाखवा, आणि जे काम अजून झालेलं नाही त्याच्यापुढे त्यांची तारीख लिहून घ्या.